लेखाखालचा परिचय कसा लिहावा: इंदूरकरांसाठी

मंडळाच्या स्मरणिकेला किंवा दिवाळी अंकाला लेख पाठवला की दोन दिवसांनी निरोप येतो, "सात-आठ ओळींत परिचय पाठवा." लेखाला महिना दिलेला असतो आणि परिचय मात्र रिक्षात बसल्या बसल्या टाइप होतो. त्याला तासभर तरी द्यावा.

१. वाचक कुठला ते ठरवा
अंक इंदूरचाच असेल तर "रामबाग" एवढं पुरतं. पुण्या-मुंबईकडच्या वाचकासाठी तिथे "इंदूरमधली जुनी मराठी वस्ती" असं जोडावं लागतं. सुरुवात पोहे-जलेबी, सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार आणि स्वच्छतेतला पहिला नंबर यांनी करू नका. हे प्रत्येक इंदूरकर लिहितो, त्यातून तुम्ही कळत नाही. होळकरांच्या काळात आलेल्या पणजोबांना एक वाक्य द्या, दोन नकोत.

२. पाच गोष्टी मांडा
नाव, गाव, काम, लेखनाचा विषय आणि त्या विषयाशी तुमचा संबंध. बहुतेक परिचय पाचव्या गोष्टीशी पोचतच नाहीत. "वाचन, संगीत, भटकंतीची आवड" इथेच थांबतात. त्याऐवजी असं काहीतरी हवं:

"वडील हुकुमचंद मिलमध्ये कामाला होते. १९९१ साली मिल बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो. गिरण्यांच्या इंदूरबद्दल लिहितो."

तीनच वाक्यं, पण विषय कळतो, वय न सांगता कळतं आणि हा माणूस यावर का लिहितो तेही कळतं. तसंच "अनेक साहित्य संमेलनांत सहभाग" यापेक्षा "२००१च्या इंदूर संमेलनात स्वयंसेवक होतो" हे वाचकाच्या लक्षात राहतं.

३. हिंदी चाळून काढा
ही पायरी इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांनी टाळूच नये. दिवसभर हिंदीत वावरल्यावर हात आपोआप लिहून जातो, "माझी शिक्षा इंदूरला झाली." महाराष्ट्रातला वाचक विचारात पडतो, की गुन्हा काय होता? मराठीत ते शिक्षण. "लेखनाची चेष्टा करतो" म्हणजे आपण लेखनाची थट्टा करतो. तुम्हाला म्हणायचं असतं प्रयत्न. "माझी पुस्तक" नव्हे, माझं पुस्तक. "उपन्यास" नव्हे, कादंबरी. बोलताना हे सगळं खपतं, गोडही वाटतं; छापल्यावर मात्र खटकतं. परिचय एकदा मोठ्याने वाचा आणि घरातल्या आजींना ऐकवा. त्या अडतील तिथे खूण करा.

४. शिळं होणारं काढा
"गेली पाच वर्षे लिहीत आहे" हे पुढच्याच दिवाळीत खोटं ठरतं. "२०१९पासून" लिहा. वय नको, द्यायचंच तर जन्मसाल द्या. घरनंबर, मोबाइल आणि पूर्ण जन्मतारीख गाळा. स्मरणिका कुणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही.

५. "मी" की "ते"?
स्वतः लिहिताय तर "मी" बरं. स्वतःलाच "श्री." लावून "ते उत्तम कवी आहेत" असं लिहिलं की कुणी लिहिलंय ते लगेच ओळखू येतं. संपादकांना तृतीय पुरुषच हवा असेल तर विशेषणं काढा, नुसती माहिती ठेवा. लग्नाआधीच्या नावाने लेखन छापून आलं असेल तर ते आडनावही द्या, नाहीतर जुना वाचक तुम्हाला ओळखणार नाही.

६. कापा
पहिला खर्डा दीडशे शब्दांचा होऊ द्या, मग ऐंशीवर आणा. पदव्यांची रांग आधी जाते. लेख आयुर्वेदावर असेल तरच वैद्यकीची पदवी ठेवा. नोकरीतल्या बढत्या त्यानंतर. साठ शब्दांची एक छोटी प्रतही करून ठेवा, जागा कमी पडली की तीच मागतात.

७. पाठवण्याआधी
मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. आपल्याकडे अजून कृतिदेव चालतं, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर तुमच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटते. फोनवर कीबोर्ड हिंदीचा असेल तर तो परस्पर "इंदूर"चं "इंदौर" आणि "होळकर"चं "होलकर" करतो. म्हणून शेवटी फक्त ळ तपासत एकदा खालपर्यंत जा, आणि तुमच्या आडनावात ळ असेल तर दोनदा.