फवारणीआधी कीड ओळखा : तूर, डाळिंब आणि लिंबूबागेसाठी सल्ला (ऑक्टोबर–नोव्हेंबर)

सोलापूर जिल्ह्यात सध्या तूर कळी-फुलोऱ्यात आहे आणि मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली) डाळिंबं रंग धरताहेत. या दिवसांत कीड डोळ्यांसमोर असून दिसत नाही, आणि मित्रकीटक मात्र कीड समजून मारला जातो.

डाळिंबावर पिठ्या ढेकूण (अंगावर पांढरं मेण असलेली, रस शोषणारी कीड) दिसला की लगेच पंप उचलू नका. त्याच्यावर जगणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळीही पांढऱ्या मेणाने माखलेली असते, त्यामुळे हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. काडीने डिवचून बघा. पिठ्या ढेकूण जागचा जेमतेम हलतो. ही अळी चटकन पळते, आकाराने मोठी असते आणि तिच्या अंगावर मेणाच्या लांब झालरी लोंबतात. अशा अळ्या दिसल्या तर त्या झाडांवर रासायनिक फवारणी टाळा. मुंग्यांचा मात्र बंदोबस्त करा, कारण पिठ्या ढेकूण सोडतो त्या चिकट गोड द्रवासाठी त्या त्याची राखण करतात.

फळांतील रस शोषणारा पतंग पंख मिटून बसला की वाळक्या पानासारखा दिसतो. दिवसा तो पालापाचोळ्यात, कुंपणात दडतो. म्हणून दिवसाच्या फवारणीने हाती काही लागत नाही. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत फिरा, फळावर बसलेले पतंग पकडून मारा. गळालेली फळं रोज उचलून पुरा. याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, तेव्हा बांधावरचे हे वेल काढा.

तुरीवरची घाटेअळी (कळ्या, फुलं, शेंगा खाणारी अळी) हिरवी, पिवळसर, तपकिरी, गुलाबी अशी कोणत्याही रंगात सापडते. बांधावरून अंदाज बांधू नका. झाडाखाली पांढरं कापड अंथरून फांद्या झटका आणि पडलेल्या अळ्या मोजा. शेतात वेगवेगळ्या ठिकाणची किमान २० झाडं तपासा. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून पकडणारे) लावा. कळी लागतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा : ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर द्रावण करा. फवारणी संध्याकाळी घ्या, उन्हात अर्काचा जोर लवकर ओसरतो. पिसारी पतंग ही तुरीची दुसरी शेंग पोखरणारी कीड; तिचा कोष शेंगेवर अगदी अळीसारखाच दिसतो. तो हलत नाही, खात नाही. अळ्यांच्या मोजणीत तो धरू नका.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर नीट पाहा, ती बहुधा फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते, मग कुरतडलेल्या कडांवरूनच तिचा माग लागतो. रोपांवरच्या अळ्या हाताने वेचा.