कॅनडात जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपचा अर्ज चालू असताना व्हिजिटर म्हणून मुक्काम कसा वाढवावा

कॅनडाचा नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट (पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेला) असलेल्या मुलाशी अथवा मुलीशी महाराष्ट्रात लग्न झाले की पुढचा प्रश्न असतो तो दोघांनी एकत्र राहायला कधी सुरुवात करायची हा. तेथील जोडीदार (स्पॉन्सर) निर्वाहाची हमी देऊन आपल्या पत्नीसाठी किंवा पतीसाठी पीआर मागतो, त्याला स्पॉन्सरशिप म्हणतात, आणि तिच्या निकालाला बरेच महिने लागतात. हा काळ दोन देशांत काढण्यापेक्षा पत्नीने किंवा पतीने व्हिजिटर व्हिसावर कॅनडात जावे आणि अर्ज तेथूनच करावा, असे अनेक जोडपी ठरवतात. हा मार्ग कायद्याला धरून आहे. अडचण उभी राहते ती एका गैरसमजामुळे: पीआरचा अर्ज दाखल झाला की निकाल लागेपर्यंत तेथे राहण्याची परवानगी आपोआप मिळते, असे बहुतेकांना वाटते. ती मिळत नाही. स्पॉन्सरशिपचा अर्ज कायमच्या वास्तव्यासाठी असतो आणि मुक्कामाची मुदत वाढवण्याचा अर्ज तात्पुरत्या वास्तव्यासाठी असतो. दोन्हींचे फॉर्म वेगळे, फी वेगळी, निर्णय घेणारे अधिकारीही वेगळे, आणि पहिला अर्ज कितीही भक्कम असला तरी तो दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

मुदत नेमकी कधी संपते

सर्वांत आधी एक तारीख निश्चित करून ती लिहून ठेवावी. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असला तरी त्याचा अर्थ इतकाच, की त्या काळात कॅनडाच्या दारापर्यंत जाता येते; आत किती दिवस राहायचे हे प्रवेशाच्या वेळी ठरते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने शिक्क्याखाली हाताने तारीख लिहिली असेल किंवा वेगळा कागद दिला असेल, तर तीच तारीख खरी. शिक्क्यावर अशी तारीख नसेल, किंवा शिक्काच मारलेला नसेल, तर प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने धरले जातात. समजा, पुण्याहून निघालेली एक तरुणी १२ मे २०२५ रोजी टोरांटोला उतरली आणि तिच्या पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिलेली नव्हती. तिची मुदत १२ नोव्हेंबर २०२५ पर्यंत चालते, तिचा व्हिसा २०३३ पर्यंत वैध असला तरीही.

मुदतवाढीचा अर्ज ही तारीख उलटण्याच्या किमान ३० दिवस आधी करावा, अशी इमिग्रेशन खात्याची सूचना आहे. कायद्याने तो शेवटच्या दिवशीही चालतो, पण शेवटचा दिवस म्हणजे नेमके काय, इथे मंडळी फसतात. ऑनलाइन अर्जाची वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदली जाते. त्या हिशोबाने नोव्हेंबरात टोरांटोला संध्याकाळी सात वाजता आणि व्हँकुव्हरला दुपारी चार वाजता तारीख बदलते. रात्री जेवणे उरकून निवांत अर्ज पाठवू म्हणणाऱ्याची मुदत तोवर संपलेली असते.

मुदतीच्या आत केलेल्या अर्जाचा मोठा फायदा असा, की निकाल लागेपर्यंत अर्जदाराचा व्हिजिटरचा दर्जा कायम राहतो, मग मूळ तारीख उलटून कितीही आठवडे गेले तरी चालते. या काळात अर्ज दाखल झाल्याची पोच हाच आपला पुरावा असतो, म्हणून ती छापून पासपोर्टसोबत ठेवावी.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात उशिरा येते. पासपोर्टची मुदत जिथे संपते त्यापुढची मुदतवाढ मिळत नाही. पासपोर्टचे आठच महिने उरले असतील, तर वर्षभराची मागणी करून उपयोग नाही. नूतनीकरण आधी करावे. भारतीय पासपोर्टचे काम कॅनडात बीएलएस इंटरनॅशनलच्या केंद्रांमार्फत होते आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा हे काम मुदतवाढीच्या अर्जाआधी हाती घेणे शहाणपणाचे.

अर्ज आणि सोबतचे पत्र

मुदतवाढीसाठी आयएमएम ५७०८ हा फॉर्म आहे, फी १०० कॅनेडियन डॉलर आहे आणि अर्ज ऑनलाइन करायचा असतो. पासपोर्टची सगळी वापरलेली पाने, खर्चाची सोय दाखवणारे कागद, लग्नाचे प्रमाणपत्र, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा किंवा पीआर कार्डाचा पुरावा आणि स्पॉन्सरशिपचा अर्ज झाला असल्यास त्याची पोच, इतके कागद जोडावेत. अर्जदाराचे स्वतःचे उत्पन्न नसेल तर जोडीदाराच्या पगाराच्या अलीकडच्या पावत्या, बँकेचे विवरण आणि राहण्या-खाण्याचा खर्च मी करीन असे त्याचे किंवा तिचे सही केलेले पत्र पुरते.

खरा भार पडतो तो स्पष्टीकरणाच्या पत्रावर, आणि नेमके तेच घाईत दोन ओळींत उरकले जाते. अनेक जण स्पॉन्सरशिपचा विषय या पत्रात लपवतात. कायम राहायचे आहे असे कळले तर व्हिजिटर म्हणून मुदतवाढ नाकारतील, अशी भीती त्यामागे असते. ही भीती अनाठायी आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) मध्ये दुहेरी हेतूची मुभा स्पष्ट दिलेली आहे: पुढे कायम राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या वास्तव्याच्या आड येत नाही, मात्र परवानगीचा काळ संपल्यावर अर्जदार देश सोडील याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. म्हणून पत्रात दोन्ही गोष्टी सरळ लिहाव्यात. आमचे लग्न अमुक तारखेला झाले, स्पॉन्सरशिपचा अर्ज अमुक तारखेला दाखल झाला किंवा होणार आहे, निकालापर्यंत पतीसोबत राहता यावे म्हणून अमुक तारखेपर्यंत मुदत हवी आहे, खर्च अशा प्रकारे भागेल, आणि पीआर नाकारला गेला तर मुदतीच्या आत मी भारतात परत जाईन. घर, आईवडील, रजेवर ठेवलेली नोकरी अशी परत जाण्याची कारणे असतील तर त्यांचा पुराव्यासह उल्लेख करावा. 'शक्य तितकी मुदत द्यावी' असे मोघम लिहू नये, तारीख मागावी. उलट खोटे लिहिणे किंवा महत्त्वाची गोष्ट दडवणे कलम ४० खाली येते आणि त्याची शिक्षा पाच वर्षांची प्रवेशबंदी आहे. मुदतवाढीच्या छोट्या अर्जातली लपवाछपवी अशा रीतीने स्पॉन्सरशिपचा मोठा अर्ज बुडवू शकते.

मंजुरी मिळाली की व्हिजिटर रेकॉर्ड नावाचा कागद येतो. त्यावर नवी तारीख असते. हा कागद म्हणजे व्हिसा नव्हे. तो घेऊन भारतात गेलात आणि व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर परत येण्यासाठी नवा व्हिसा लागेल.

नावाचा घोळ

आपल्याकडे पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे, लग्नाच्या प्रमाणपत्रावर लग्नाआधीचे पूर्ण नाव, आधार कार्डावर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव, असा प्रकार सर्रास दिसतो. अधिकाऱ्याला मराठी नावांची रीत ठाऊक असेल असे गृहीत धरू नये. प्रत्येक फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर जसे छापले आहे अगदी तसेच, त्याच रकान्यांच्या विभागणीने लिहावे. म्हणजे पासपोर्टवर पहिल्या नावापुढे वडिलांचे नाव असेल तर फॉर्ममध्येही ते तिथेच राहील. पूर्वी किंवा अन्य कागदांवर वापरलेले नाव विचारले आहे तिथे दुसरे नाव न विसरता द्यावे आणि पत्रात एका परिच्छेदात ही रीत समजावून सांगावी. पासपोर्टवरचे नाव बदलायचेच असेल तर ते अर्जाच्या मध्येच बदलू नये. एक तर आधी बदलावे, नाही तर पीआर झाल्यावर.

महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या राज्य कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते आणि प्रमाणपत्रावर मराठीसोबत इंग्रजी मजकूर असेल तर काम सोपे होते. नुसते मराठीत असेल, किंवा मराठी लग्नपत्रिका पुरावा म्हणून जोडायची असेल, तर इंग्रजी अथवा फ्रेंच भाषांतर लागते. हे भाषांतर अर्जदाराने, जोडीदाराने किंवा घरच्या कोणी केलेले चालत नाही, त्यांचे इंग्रजी कितीही चांगले असो. अनुवादक कॅनडातील प्रमाणित नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

स्पॉन्सरशिपचा वर्ग कोणता

कॅनडात राहत असतानाही दोन वर्गांपैकी एक निवडता येतो. पहिला आहे कॅनडातील जोडीदारांचा वर्ग. यात दोघे कॅनडात एकाच घरात राहत असले पाहिजेत आणि अर्ज नाकारला गेला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येत नाही. दुसरा फॅमिली क्लास, ज्याला लोक आउटलँड म्हणतात. यात मधल्या काळात भारतात जाऊन आले तरी अर्जाला धक्का लागत नाही आणि नकाराविरुद्ध स्पॉन्सरला अपील करता येते. घरी आईवडील आजारी आहेत किंवा भावंडाचे लग्न ठरले आहे, अशा अर्जदाराने आउटलँडचा विचार आधी करावा असे माझे मत आहे. कॅनडातल्या वर्गात अर्ज करून मध्येच देश सोडला आणि परत येताना सीमेवर प्रवेश मिळाला नाही, तर तो अर्जच निरर्थक होतो.

जोडीदाराला स्पॉन्सर करण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. मात्र स्पॉन्सरने अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी निर्वाह मदत घेतलेली नसावी, आणि तो स्वतः जोडीदार म्हणून स्पॉन्सरशिपवर पीआर झाला असेल तर त्यानंतर पाच वर्षे त्याला नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. जोडीदाराच्या निर्वाहाची हमी पीआर मिळाल्यापासून तीन वर्षांची असते. क्युबेकमध्ये राहणाऱ्यांना प्रांताची वेगळी प्रक्रियाही पार पाडावी लागते. ३० एप्रिल २०२४ रोजी लागू झालेल्या दरांनुसार स्पॉन्सरशिप, प्रक्रिया आणि पीआरच्या हक्काची फी मिळून १,२०५ डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर होतात. हे दर दोन वर्षांनी वाढतात, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा आकडा खात्याच्या संकेतस्थळावर पाहावा.

स्पॉन्सरशिपच्या अर्जातील आयएमएम ५५३२ या फॉर्ममध्ये ओळख कशी झाली, कोणी करून दिली, दोन्ही घरच्यांना कधी कळले, समारंभाला कोण होते, असे प्रश्न असतात. ठरवून झालेल्या लग्नात कांदेपोह्यांचा कार्यक्रम, पत्रिका, साखरपुडा आणि लग्न यांचा क्रम तारखांसह लिहावा. भेटल्यावर थोड्याच काळात लग्न का ठरले याचे उत्तर त्या क्रमातच मिळते. शेकडो फोटोंचा अल्बम पाठवू नये. वीसच्या आत फोटो, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि माणसांची नाती, आणि त्यांच्या जोडीला दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा संयुक्त खाते, हे जास्त वजनदार ठरते. भारतीय पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रही कॅनडातून बीएलएसमार्फत मागवता येते.

काम आणि ओपन वर्क परमिट

व्हिजिटरला कॅनडातील मालकाकडे काम करता येत नाही. ओळखीच्या दुकानात रोख पैशांवर बसणे हेही कामच. भारतातील कंपनीचे काम तेथून ऑनलाइन करायचे असेल, पगार भारतातच होत असेल आणि कॅनडातील ग्राहकांशी संबंध नसेल, तर सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामात ते व्हिजिटरला चालते, पण पत्रात तसे लिहावे.

मे २०२३ पासून दोन्ही वर्गांतील, स्पॉन्सरसोबत कॅनडात राहणाऱ्या अर्जदारांना ओपन वर्क परमिट, म्हणजे ठरावीक मालकाशी न बांधलेला कामाचा परवाना, मागता येते. त्यासाठी स्पॉन्सरशिपच्या अर्जाची अधिकृत पोच हाती हवी. फॉर्म आयएमएम ५७१०, फी १५५ अधिक १०० अशी २५५ डॉलर. ही पोच व्हिजिटरची मुदत संपण्याआधी आली, तर मुदतवाढीऐवजी थेट वर्क परमिटचा अर्ज करणे श्रेयस्कर, कारण त्यानेही राहण्याचा दर्जा टिकतो. परवाना हातात येईपर्यंत मात्र काम सुरू करता येत नाही. पोच वेळेत येणार नाही असे दिसले तर वाट पाहत बसू नये. व्हिजिटरची मुदतवाढ मागावी आणि पोच आल्यावर वर्क परमिटचा अर्ज करावा. या दुसऱ्या वाटेत एक धोका आहे. मूळ मुदत संपल्यानंतर पहिला अर्ज नाकारला गेला, तर त्याच्या आधारावर केलेल्या दुसऱ्या अर्जाचाही पाया जातो. म्हणूनच व्हिजिटरच्या साध्या वाटणाऱ्या अर्जाची कागदपत्रे पक्की हवीत.

मुदत हुकली किंवा अर्ज नाकारला तर

दर्जा गेल्यापासून ९० दिवसांच्या आत तो पूर्ववत करून मिळण्यासाठी अर्ज करता येतो. त्याची फी साध्या मुदतवाढीच्या दुपटीहून अधिक आहे आणि मुदत का हुकली हे पत्रात सांगावे लागते. निकालापर्यंत कॅनडात थांबता येते, पण दर्जा मिळालेला नसतो, आणि तो मिळेलच असेही नाही. ९० दिवसही उलटले, तर कॅनडातील जोडीदारांच्या वर्गात मुदत संपलेल्यांचेही अर्ज विचारात घेण्याचे धोरण २००५ पासून आहे. परंतु अशा व्यक्तीला वर्क परमिटची वरील सवलत मिळत नाही आणि गुन्हेगारी किंवा खोट्या माहितीसारख्या अन्य कारणांनी अपात्र ठरलेल्यांना ते धोरण लागू होत नाही. या टप्प्यावर वकील किंवा परवानाधारक सल्लागार गाठावा. पैसे घेऊन प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार कॅनडात फक्त वकील, क्युबेकचे नोटरी, ओंटारिओतील परवानाधारक पॅरालीगल (मर्यादित कायदेशीर कामे करणारे व्यावसायिक) आणि नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार यांनाच आहे. भारतातील एजंटाने अर्ज भरून दिला पण फॉर्मवर आपले नाव घातले नाही, तर त्यातल्या प्रत्येक चुकीला अर्जदार एकटाच जबाबदार धरला जातो.