सोडून दिलेला ओपन सोर्स प्रकल्प फोर्क करताना कॉपीराइट सूचना कशा सांभाळाव्यात

मूळ लेखकाने प्रकल्पाकडे कित्येक वर्षे लक्ष दिले नसले, तरी कोडवरील त्याचा कॉपीराइट संपत नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींत मोडतो आणि त्यावरील हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे टिकतो. म्हणून फोर्क करणाऱ्याने, म्हणजे दुसऱ्याच्या प्रकल्पाचा कोड घेऊन तो वेगळा पुढे नेणाऱ्याने, आपण परवान्याच्या, म्हणजे लेखकाने घातलेल्या वापराच्या अटींच्या, आधारे काम करत आहोत, मालक झालेलो नाही, हे आधी मनाशी पक्के करावे.

सर्वप्रथम परवान्याची फाइल शोधावी. ती नसेल आणि फाइलींच्या माथ्यावरही परवाना लिहिलेला नसेल, तर कोड उघड्यावर ठेवलेला आहे एवढ्यावरून तो बदलून वाटण्याची मुभा मिळत नाही. लेखकाला गाठून लेखी परवानगी घ्यावी, आणि ती मिळाली नाही तर तो कोड सोडून द्यावा.

परवाना असल्यास जुन्या कॉपीराइट ओळींना हात लावू नये. जुने नाव शोधून सगळीकडे आपले नाव घालणे ही यातील सर्वांत गंभीर चूक आहे, कारण त्यामुळे परवान्याची अट मोडते आणि दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर लागतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील चित्रप्रक्रियेची पीआयएल ही लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड) 2009 नंतर जवळपास थांबली आणि पिलो हा तिचा फोर्क पुढे आला. पिलोच्या परवाना फाइलमध्ये सीक्रेट लॅब्स आणि फ्रेड्रिक लुंड यांच्या ओळी आजही आहेत. नव्या चमूची ओळ त्यांच्याखाली आहे. हाच क्रम पाळावा.

आपली ओळ, वर्षासह, ज्या फाइलींत स्वतःचे खरोखर लेखन आहे तेथेच घालावी. नुसती कोडमधील मोकळी जागा नीट केली किंवा शुद्धलेखन सुधारले, तर ती घालू नये.

यापुढचे परवान्यावर अवलंबून आहे. एमआयटी परवान्यात कॉपीराइट सूचना आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत जायला हवा. जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत बदललेल्या प्रत्येक फाइलमध्ये बदल केल्याचे आणि त्याची तारीख ठळकपणे नोंदवावी लागते. अपाची 2.0 या परवान्यातही बदललेल्या फाइलींत तशी नोंद लागते, शिवाय मूळ प्रकल्पात ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातील श्रेयाच्या नोंदी पुढे न्याव्या लागतात. प्रकल्पात इतरांच्या लायब्रऱ्यांचा कोड आणून ठेवलेला असेल, तर त्या फोल्डरांतील परवाने वेगळे असू शकतात, तेही वाचावेत.

कोडमधील प्रत्येक बदल कोणी व कधी केला याची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील जुना इतिहास पुसून नवी सुरुवात करू नये, कारण कोणती ओळ कोणाची हे शोधण्याचे तेच सर्वांत सोपे साधन असते.

पहिली आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी मूळ प्रकल्पाच्या शेवटच्या आवृत्तीतील सर्व कॉपीराइट ओळी काढून आपल्या आवृत्तीतील ओळींशी ताडून पाहाव्यात, आणि ज्या फाइली अजून वापरात आहेत त्यांतील एखादी ओळ गळली असेल तर ती जागच्या जागी परत लावावी.