माहिती साक्षरतेची सुरुवात एका स्वाध्यायापासून

नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय दाखवण्याचा कार्यक्रम विद्यापीठांत दरवर्षी होतो. ओपॅक (ग्रंथालयाची संगणकीय सूची), ई-नियतकालिके, शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) हे सारे तासाभरात सांगून होते आणि सत्राच्या शेवटी निबंध लिहायला बसेपर्यंत त्यातले बहुतेक विसरले जाते. प्रश्न पडण्याआधीच दिलेले उत्तर कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून माहिती साक्षरता, म्हणजे माहिती शोधण्याचे, पारखण्याचे आणि वापरण्याचे कौशल्य, शिकवण्यासाठी प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांना एकत्र काम करायचे असेल, तर त्यांनी एका अभ्यासक्रमातला एकच स्वाध्याय निवडावा.

सत्र सुरू होण्यापूर्वी प्राध्यापकांनी गेल्या वर्षीचे चार-पाच निबंध घेऊन ग्रंथपालांकडे जावे आणि दोघांनी फक्त संदर्भसूच्या वाचाव्यात. न वाचलेली पुस्तके, दुसऱ्याच्या सूचीतून जशीच्या तशी उचललेल्या नोंदी आणि अलीकडे तर अस्तित्वातच नसलेले लेख तिथे सापडतात. विद्यार्थ्याने विषयाचा महत्त्वाचा ग्रंथ टाळला आहे हे प्राध्यापकांना दिसते, तर तो नेमका कुठे शोधत राहिला हे ग्रंथपालांना कळते.

यानंतर प्रश्न बदलावा. अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गाला ‘महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेची माहिती लिहा’ असे सांगितले, तर पहिल्या संकेतस्थळावरचा मजकूर उतरून येणार हे ठरलेलेच. त्याऐवजी ‘ही योजना नेमकी कधी सुरू झाली?’ असे विचारून पाहावे. कुठे १९७२ मिळेल, कुठे १९७७, तर कुठे १९७९. दुष्काळाच्या काळात योजना आली, कायद्याच्या नावात १९७७ आहे आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ रोजी, म्हणजे तिन्ही वर्षे आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणता स्रोत कशाची सुरुवात मोजतो हे विद्यार्थ्याला स्वतः उलगडावे लागते. स्रोताचा अधिकार, म्हणजे त्यावर किती विसंबावे हे, संदर्भानुसार ठरतो, हे अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या माहिती साक्षरतेच्या आराखड्यातले तत्त्व इथे व्याख्यान न देता समजते.

ग्रंथपालांचा तास विषय दिल्यानंतरच्या आठवड्यात, संगणक कक्षात आणि प्राध्यापकांच्या उपस्थितीत घ्यावा. प्राध्यापक बाहेर गेले की वर्ग त्याला मोकळा तास समजतो. एकच गोष्ट ‘रोजगार हमी’, ‘रोजगारहमी’ आणि ‘रोहयो’ अशा तीन प्रकारे लिहिलेली असते, शिवाय इंग्रजी नाव वेगळे, त्यामुळे प्रत्येक रूप टाकून निकालांतला फरक पाहायला लावावा. जुन्या मराठी मजकुराची नुसती छायाचित्रे चढवलेली असतील, तर आतला शब्द शोधात सापडतच नाही. तिथे अनुक्रमणिका उघडून पाने चाळावी लागतात, आणि हे प्रत्यक्ष करून दाखवावे.

निबंधासोबत अर्ध्या पानाची शोधनोंद मागावी: कोणते शब्द वापरले, कुठे शोधले, काय वगळले आणि का. अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांपैकी पाच तरी तिला द्यावेत, कारण गुण नसलेले काम कोणी मनावर घेत नाही. शोधनोंद ग्रंथपालांनी तपासावी, युक्तिवाद प्राध्यापकांनी. मात्र आधी दोघांनी दोन-तीन विद्यार्थ्यांचे निबंध व शोधनोंदी एकत्र तपासून मोजमाप जुळवून घ्यावे. वर्ग साठांचा असेल, तर एकट्या ग्रंथपालांवर भार टाकण्यापेक्षा नोंद गटागटाने लिहून घेणे बरे.

बऱ्याच ठिकाणी हे सहकार्य वाङ्मयचौर्य पकडण्यासाठी मजकुरातले साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरपुरतेच उरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि विद्यार्थी तो आकडा उद्दिष्ट असल्यासारखा वाचतात. शब्द फिरवून टक्के उतरवणे त्यांना लवकर जमते. सॉफ्टवेअरचा अहवाल निबंधासोबत ठेवावा, पण गुण शोधनोंद वाचूनच द्यावेत.

सत्र संपल्यावर प्रश्न, ग्रंथपालांच्या तासाचा आराखडा आणि गुणवाटप यांची एक प्रत विभागात व एक ग्रंथालयात ठेवावी, आणि अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीपूर्वी शोधनोंदीचे पाच गुण अभ्यासक्रमाच्या मसुद्यात लिहून द्यावेत. प्राध्यापकांची बदली झाली किंवा ग्रंथपाल निवृत्त झाले, तरी पुढच्या वर्षीच्या वर्गाला तो स्वाध्याय मिळेल.