महागडं पेट्रोल म्हणजे जास्त मायलेज नव्हे

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही. इंजिनात दाब वाढला की स्पार्क प्लगच्या ठिणगीने लागलेली ज्वाला पोचण्याआधीच इंधन भलत्या जागी आपोआप पेटू पाहतं आणि टकटक आवाज येतो, ज्याला नॉकिंग म्हणतात. ते टाळण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. त्यामुळे ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९१ पुरेसं लिहिलंय, तिच्यात ९५ किंवा ९८ ओतून पैसेच जातात. उलट टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या (हवा-इंधन जास्त दाबणाऱ्या) इंजिनाला कंपनीने वरचा ऑक्टेन सांगितला असेल, तर तिथे काटकसर नको. कमी ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर इंजिन वाचवायला ठिणगी उशिरा पाडतो, मग ताकद आणि मायलेज दोन्ही घटतं. मॅन्युअल हरवलं असेल तर इंधनाच्या झाकणामागचं स्टिकर बघा, बहुतेक गाड्यांवर असतं.

खरी बचत उजव्या पायात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ८० वरून १२० गेलात की तो सव्वादोन पट होतो. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. आणि मायलेज मोजायचं तर टाकी फुल ते टाकी फुल. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा जरा खुशामतखोर असतो.