गॅदरिंगच्या नाटकासाठी एलईडीची मशाल

स्टेजवर खरी आग नकोच, पोरं असतात, पडदे असतात, म्हणून ही बॅटरीवाली मशाल करा, पहिल्यांदाच इलेक्ट्रॉनिक्सला हात लावताय तरी जमते.

सामान: 5 मिमीचे पाच पिवळे एलईडी, 150 ओहमचे पाच रेझिस्टर (करंट आवरणारे छोटे पार्ट), तीन एए सेलचा बॉक्स, छोटा स्विच, वायर. मशालीच्या दांड्यासाठी पीव्हीसी पाईप घ्यायला जाताना बॉक्स सोबत न्या, आत बसला पाहिजे.

आता मेन गोष्ट. एलईडीचा लांब पाय प्लस, आखूड मायनस, आणि पाय कापले असतील तर कडेला जिथे चपटं लागतं ती मायनसची बाजू. रेझिस्टर कधीच सोडू नका, मी पहिल्यांदा एलईडी डायरेक्ट 9 व्होल्टला जोडला आणि क्षणात गेला. हिशोब सोपाय, तीन सेलचे 4.5 व्होल्ट, पिवळा एलईडी साधारण 2 घेतो, उरले 2.5, त्याला 150 ने भागलं की जवळपास 17 मिलीअँप, म्हणजे सेफ. प्रत्येक एलईडीच्या प्लस पायाला स्वतःचा रेझिस्टर लावा, पाचात एकच लावला तर उजेड कमीजास्त होतो.

मग रेझिस्टरची सगळी मोकळी टोकं एकत्र स्विचमधून बॉक्सच्या लाल वायरला, सगळे मायनस काळ्या वायरला. सोल्डर करायच्या (वितळलेल्या धातूने जोड पक्के करायच्या) आधी नुसतं पिळून पेटवून बघा. उघड्या जोडांवर टेप हवीच, पाय एकमेकांना टेकले की शॉर्ट.

वरून केशरी जिलेटीन पेपर चुरगळून ज्योतीसारखा बांधा, चुण्यांमुळे उजेड मस्त पसरतो.