बिझनेस क्लासचं तिकीट काढताय? आधी झोपेचा हिशोब मांडा

माझा आतेभाऊ मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हच्या कंपनीत आहे, त्याला पहिल्यांदाच कंपनी बिझनेस क्लासने न्यूयॉर्कला पाठवतेय, तर साहेबांचा रात्री साडेदहाला मला फोन, "दादा, एका वाक्यात सांग, कतार की एमिरेट्स?" घरात सगळ्यात जास्त फिरलेला मी, म्हणून हे असलं सगळं माझ्याच गळ्यात येतं. एका वाक्यात काही जमलं नाही, पाऊण तास बोललो, शेवटी त्याची बायको मागून म्हणाली की दादा तुम्ही हे लिहूनच पाठवा, याच्या एका कानातून आत जातं आणि दुसऱ्यातून बाहेर. म्हणून हे लिहितोय, बडोद्यातल्या बाकी कोणाला उपयोग झाला तर उत्तमच.

पहिली गोष्ट, रात्रीच्या विमानात बिझनेस क्लासचे एवढे पैसे आपण झोपेचे देतो. शॅम्पेन, अत्तराची पिशवी, गरम टॉवेल, हे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायला ठीक आहे, पण उतरल्यावर मीटिंगमध्ये डोळे उघडे राहिले नाहीत तर त्या फोटोंचं काय लोणचं घालायचंय. त्यामुळे दोन फ्लाइट्स समोर असतील तर कागद घ्या आणि एकच आकडा काढा, सलग किती तास आडवं पडायला मिळणार.

मुंबई-लंडन धरा, अंदाजे साडेनऊ तास. उडल्यावर पट्ट्याचा दिवा विझायला अर्धा तास, मग ते टेबलक्लॉथ अंथरून साग्रसंगीत जेवण वाढणार त्यात दीड तास, आणि उतरायच्या पावणेदोन तास आधी दिवे लावून नाश्ता. हातात राहिले पावणेसहा तास. तेच तुम्ही उडायच्या आधी एअरपोर्टच्या लाउंजमध्ये जेवून घेतलंत आणि बसल्या बसल्या सांगितलंत की मला जेवण नको, तर सव्वासात तास झाले, आणि नाश्त्यालाही उठवू नका म्हणालात तर आठच्या वर. म्हणजे एकच विमान, एकच सीट, पण अडीच तासांचा फरक नुसत्या जेवणावरून पडतो! म्हणून कुठे कधीही जेवण मागता येतं हे बघायचं, कतारमध्ये तसं आहे, हवं तेव्हा मागवा. काही ठिकाणी मात्र ट्रॉली येईल तेव्हाच, मग तुम्ही झोपलेले असा नाहीतर जागे.

आता अहमदाबाद-दुबई बघा. तीन सव्वातीन तासांची फ्लाइट, पहाटे चार-साडेचारला सुटणारी, त्यात हाच हिशोब लावला तर फार तर तासभर डुलकी, की लगेच उतरा, चाला, सिक्युरिटीत पुन्हा बूट काढा. म्हणजे रात्र गेलीच. पुढचं दुबई-न्यूयॉर्क चौदा तासांचं, त्यात रात्रभर जागलेला माणूस मस्त झोपतो हे खरं, पण उतरतो दुपारी आणि मग तिथली रात्र हॉटेलच्या छताकडे बघत काढतो. याउलट मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारी सरळ न्यूयॉर्कची फ्लाइट सोळा तासांच्या आसपास, जेवून झोपा, उठा, परत झोपा, सकाळी पोहोचा. त्याच दिवशी काम असेल तर ही, दुसऱ्या दिवशी असेल तर आखातातून जायला काही हरकत नाही, एवढं साधं आहे ते.

दिल्लीहून अमेरिका घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय एअरलाईन्सना बंद झालं, तेव्हापासून एअर इंडियाला लांबचा वळसा पडला आणि काही फ्लाइट्स इंधनासाठी व्हिएन्नाला थांबायला लागल्या. परदेशी एअरलाईन्सना तो वळसा नाही. त्यामुळे मामा तीन वर्षांपूर्वी गेले होते ते किती वाजता पोहोचले हे विचारू नका, तुमच्या तारखेचं टायमिंग आणि स्टॉप बघा.

बरं, झोपेचे तास काढले, आता झोपणार कशावर? इथे लोक सगळ्यात जास्त फसतात कारण ते एअरलाईनचं नाव बघतात आणि विमान बघत नाहीत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. एमिरेट्सचंच घ्या, जाहिरातीत दिसतो तो बार ए380 विमानात, तिथे बिझनेसची मांडणी एक-दोन-एक, म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट आणि मध्ये दोन, त्यामुळे प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं. पण त्यांच्या जुन्या 777 विमानांत बिझनेस क्लास दोन-तीन-दोन आहे, हो, बिझनेसमध्ये मधली सीट! नवीन करून घेतलेल्या 777 मध्ये एक-दोन-एक झालंय, आणि जानेवारी 2025 पासून अहमदाबादला ए350 पण यायला लागलं त्यातही एक-दोन-एक. म्हणजे एकाच कंपनीत राजवाडाही आहे आणि धर्मशाळाही. कतारचं तेच, क्यूसूट नावाची दरवाजावाली सीट 2017 मध्ये आली, ती बऱ्याच 777 वर आणि काही ए350 वर, पण 787-8 मध्ये ती नाही. एअर इंडियाचं ए350 जानेवारी 2024 पासून उडतंय, त्यात एक-दोन-एक आणि दरवाजे, आणि त्यांच्याच जुन्या 777 मध्ये दोन-तीन-दोन. ब्रिटिश एअरवेजमध्ये 2019 नंतरची क्लब सूट वेगळी आणि जुनी सीट वेगळी, जुनीत तुम्ही आणि शेजारचा समोरासमोर तोंड करून बसता, नवरा-बायको असाल तर ठीक. लुफ्तान्साची नवी सीट 2024 मध्ये आली, पण जुन्या विमानांत दोन-दोन-दोन अजून आहे, त्यात खिडकीवाल्याला रात्री उठायचं म्हणजे शेजाऱ्याला ओलांडून जा.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. मला एकदा एका मोठ्या नावाच्या एअरलाईनमध्ये, नाव घेत नाही, त्या दोन-तीन-दोनमधली बरोबर मधली मिळाली आणि वर ती सीट पूर्ण सपाट होणारी नव्हतीच, तिरकी होणारी होती. कमाटीबागेतल्या घसरगुंडीवर झोपल्यासारखं, दर पंधरा मिनिटांनी खाली घसरायचं आणि परत वर सरकायचं, एका बाजूला घोरणारे काका आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण रात्र लाईट लावून फाईल वाचणाऱ्या बाई. पैसे मात्र पूर्ण बिझनेसचे. त्या दिवसापासून मी आधी सीट मॅप उघडतो आणि मग भाडं.

विमान ओळखायचं कसं, तर गुगल फ्लाइट्सवर फ्लाइट उघडली की विमानाचा प्रकार येतो आणि बऱ्याचदा सीट पूर्ण आडवी होते की नाही तेही लिहिलेलं असतं. मग एअरलाईनच्या साइटवर सीट मॅप उघडून एका रांगेत किती अक्षरं आहेत ती मोजा, चार असली तर आनंद, सहा-सात असली तर विचार करा. एरोलोपा म्हणून साइट आहे तिथे खिडकी सीटच्या पुढे आहे की मागे इथपर्यंत नकाशे आहेत. आणि फ्लाइटरडार24 वर तोच फ्लाइट नंबर टाकून मागच्या आठवड्यात रोज कुठलं विमान आलं ते बघा, सातही दिवस एकच आलं असेल तर बिनधास्त, रोज वेगळं येत असेल तर लॉटरी. अजून एक, तिकिटावर बारीक अक्षरात "ऑपरेटेड बाय" असतं ते वाचा, नंबर एका कंपनीचा आणि विमान भलत्याच कंपनीचं असं सर्रास होतं.

विमान कुठलं यावर कान-नाकसुद्धा अवलंबून असतं. ए350 आणि 787 मध्ये आतली हवा साधारण 6000 फुटांवर असल्यासारखी ठेवतात, जुन्या विमानांत 8000 च्या जवळ जाते. म्हणजे एकीकडे महाबळेश्वरच्या वर आणि दुसरीकडे उटीच्याही वर रात्रभर बसायचं, शिवाय हवा कोरडी. सकाळी घसा सुकून डोकं जड होतं ना, त्यातलं बरंच यामुळे, सगळा दोष वाईनचा नसतो.

सीट निवडताना पायाकडची जागा बघा. आजकाल बहुतेक ठिकाणी पाय पुढच्या सीटखालच्या एका खोक्यात घालायचे असतात, ते खोकं अरुंद असलं की कुशीवर वळताना गुडघे अडकतात. सिंगापूर एअरलाईन्सच्या लांबच्या पल्ल्याच्या 777 आणि ए350 मध्ये सीट पुढे उलटून बेड करतात आणि तिरकं झोपायचं असतं, गादी रुंद आहे पण पाय कोपऱ्यात, माझी उंची पाच अकरा, मला त्रास झाला, माझ्या बायकोला काहीच नाही. तिथे पहिल्या रांगेत पायांना रुंद कट्टा मिळतो. पण पहिल्या रांगेतच बाळाचा पाळणा लावतात बरं का, त्यामुळे ते नशीब. टॉयलेट आणि किचनच्या बाजूच्या दोन रांगा सोडाच, रात्रभर पडद्यातून उजेड आणि चमच्यांचा आवाज.

आता बडोद्याचं म्हणून जे आहे ते. आपल्या हरणी एअरपोर्टवरून थेट परदेशची लांबची फ्लाइट नाही, म्हणजे अहमदाबाद, मुंबई नाहीतर दिल्ली. अहमदाबादचा एक्स्प्रेसवे 93 किलोमीटर, तो पटकन संपतो, पण एअरपोर्ट शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे त्यामुळे दांडिया बाजारातून निघालात तर दोन तास धराच. पहाटे चारच्या फ्लाइटला रात्री अकराला घर सोडायचं, म्हणजे झोपेचा जो हिशोब वर केला तो घरापासून चालू होतो. मुंबईला मी दुपारची ट्रेन पकडतो, बोरिवलीला उतरतो, रिक्षाने एअरपोर्टचं टी2 टर्मिनल, आणि मध्ये तीन-चार तास मोकळे ठेवतो. कटकट वाटते पण ट्रेनमध्ये एक झोप होते आणि रात्री लाउंजमध्ये शांतपणे जेवता येतं. हरणीहून मुंबई-दिल्ली विमानाने जोडणार असाल तर सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर घ्या, वेगळं स्वस्त तिकीट काढलं आणि ते लेट झालं तर पुढची फ्लाइट गेली ती तुमची गेली, आणि त्या छोट्या फ्लाइटला सामान 15 किलो म्हणतील तेव्हा तुमच्या दोन मोठ्या बॅगांचे पैसे काउंटरवर भरा.

12 जून 2025 ला अहमदाबादहून गॅटविकला निघालेलं विमान पडलं, आपल्या भागातली माणसं होती त्यात, तेव्हापासून इथे कुठल्याही घरात तिकिटाचा विषय निघाला की कोणीतरी हळूच विचारतं विमान कुठलं आहे. घरच्यांचं मन राहावं म्हणून कोणी फ्लाइट बदलली तर मी त्याला शहाणपण शिकवायला जात नाही.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी अबुधाबी मार्गे एतिहाद जरूर बघावी, अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच होतं, न्यूयॉर्कला उतरलात की डोमेस्टिकसारखे बॅग घेऊन बाहेर. लंडन मार्गे जाणार असाल तर भारतीय पासपोर्टचे ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी वाचा, एअरपोर्टवर कळून उपयोग नाही.

जेवणाचा कोड 24 तास आधी टाका. आपल्याकडचं शाकाहारी हवं तर एव्हीएमएल, जैन व्हीजेएमएल, आणि व्हीजीएमएल घेतलंत तर दूध-दही-पनीर काहीच नसलेलं उकडलेलं पाश्चात्त्य गवत येतं, माझ्या सासऱ्यांना आलं होतं, ते अजून बोलून दाखवतात. हिंदू मील म्हणजे एचएनएमएल हे बहुतेक ठिकाणी शाकाहारी नसतं, त्यात बीफ नसतं पण दुसरं मांस असू शकतं, हे फार लोकांना माहीत नाही! बाकी बॅगेत भाकरवडीचं पाकीट असतंच.

भाड्याचं थोडक्यात. सगळ्यात स्वस्त बिझनेस भाडं दिसलं की काय काय काढून घेतलंय ते वाचा, आखातातल्या काही एअरलाईन्स त्यात लाउंज देत नाहीत आणि सीट निवडायलाही पैसे मागतात, आणि लाउंजच नाही तर माझा लाउंजमध्ये जेवून झोपायचा सगळा प्लॅन कोलमडला. 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमी सोडून वरच्या क्लासवर जीएसटी 12 चा 18 टक्के झालाय, त्यामुळे कंपनीचा जीएसटी नंबर बुकिंगच्या वेळीच टाका, नंतर अकाउंट्सवाला तुमच्या मागे लागेल आणि तुम्ही एअरलाईनच्या.

आतेभावाची मीटिंग पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी होती म्हणून त्याने अहमदाबाद-अबुधाबी-न्यूयॉर्क घेतलं, येताना मात्र रात्रीची सरळ मुंबई. त्याला एकच काम लावून दिलं होतं, निघायच्या तीन दिवस आधी सीट मॅप परत उघडून बघ, कारण विमान बदललं की सीटही बदलते आणि कोणी सांगत नाही. त्याने बघितलं तर खिडकीची जाऊन टॉयलेटशेजारची झालेली. वीस मिनिटं फोनवर थांबून त्याने परत खिडकी घेतली, पाचव्या रांगेत.